चार तासांत अथेन्स उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

परिषद अथेन्सला ठरली, हॉटेल ठरलं, वक्ते ठरले, आणि 'सांस्कृतिक सहल' नावाचं लचांड तुमच्या गळ्यात आलं. अभिनंदन. बीजभाषण फसलं तर लोक आठवड्यात विसरतात. सहल फसली तर पुढची दहा वर्षं चहाच्या टेबलावर तुमचं नाव निघतं. नाव काढायची एवढी सोपी संधी दवडू नका.

सगळ्यात आधी वेळ. महिना जुलै घ्या आणि पत्रिकेत दुपारी दीड ते साडेपाच टाका. नाही तरी या वेळात सभागृहात सगळे पेंगतच असतात. अथेन्सला जुलैच्या दुपारी पारा चाळिशीपर्यंत चढतो, आणि अ‍ॅक्रोपोलिस या प्राचीन देवळांच्या टेकडीच्या माथ्यावर सावली म्हणाल तर एरेक्थिऑन या देवळाच्या भिंतीलगत एक ऑलिव्हचं झाड आहे. तुमचे पाहुणे ४६. उष्णतेची लाट आली की ऐन दुपारचे काही तास टेकडी बंदच ठेवतात. जुलै २०२३, जून २०२४, जुलै २०२५, तिन्ही वेळा ठेवली होती. हे पाहुण्यांना आधी सांगू नका. बंद फाटकासमोर उभं राहिलं की कळतंच.

समितीतला एखादा आगाऊ माणूस सुचवेल की दुपारी आधी पायथ्याचं अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम दाखवू, तिथे एसी आहे, आणि उन्हाळ्यात टेकडी आठपर्यंत उघडी असते तर साडेपाच-सहाला वर चढू. त्याला ताबडतोब बॅगवाटप समितीवर पाठवा. या क्रमाने गेलं की पाहुण्यांना कळायला लागतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची, म्हणजे टेकडीवरच्या सगळ्यात मोठ्या देवळाची, शिल्पपट्टी मूळच्या क्रमाने लावली आहे. एकूण सुमारे १६० मीटर. त्यातली पन्नासेक मीटर इथे, ऐंशीच्या आसपास लंडनला. इथले तुकडे जुनाट, मधासारख्या रंगाचे, आणि लंडनला गेलेल्यांच्या जागी पांढरेफटक प्लास्टरचे. घोड्याचं धड मधाचं आणि तोंड चुन्याचं असलं की ती उचलून नेणाऱ्या एल्गिन या इंग्रज साहेबांनी काय केलं ते कुणी समजावून द्यावं लागत नाही. समोरच्या काचेतून खरा पार्थेनॉन दिसतो, कारण तो मजलाच मुद्दाम त्याच्याशी समांतर फिरवून बांधलाय. खाली पाच स्त्री-स्तंभ उभे आहेत, सहावी जागा रिकामी. तीही बाई लंडनला. टेकडीवर एरेक्थिऑनच्या ओसरीत उभ्या दिसतात त्या सगळ्या नकला. हे आधी पाहून वर गेलेला पाहुणा नकलेसमोर सेल्फी काढायला कचरतो, आणि अहवालाला फोटो मिळत नाहीत. म्हणून म्युझियम 'वेळ उरल्यास' या सदरात टाका. वेळ उरत नसते.

तिकिटांचं सांगतो. सप्टेंबर २०२३ पासून वेळ ठरवून तिकीट आहे आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा. एप्रिल २०२५ पासून दर ३० युरो. तिकिटावरच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी ते पंधरा मिनिटं नंतर, एवढाच अर्धा तास तुमचा. तेव्हा दोनचं तिकीट काढा, वुलिआग्मेनीच्या समुद्रकाठच्या हॉटेलातून दीडला बस सोडा, आणि निघण्याआधी लॉबीत ग्रुप फोटो घ्या. बाकीचं अथेन्सचं ट्रॅफिक बघून घेईल. बस दारापर्यंत जात नाही, टेकडीच्या दक्षिणेचा डिओनिसिऊ अरिओपागितू हा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे, उतरून पुढे चढ आहे, हे वेळापत्रकात धरू नका. म्युझियमजवळच्या आग्नेयेच्या दारातून डायोनिससच्या नाट्यगृहावरून जाणारी वाट लांब पण निवांत असते. आपण पश्चिमेच्या मुख्य दाराच्या रांगेतच उभं राहायचं. परिषद मोठी आहे ते दिसायला नको?

पाहुण्यांना पेहरावाबद्दल लिहायचं तर 'फॉर्मल' एवढंच लिहा. टाचांच्या सँडलना तिथे बंदी आहे, टाचेच्या टोकाने संगमरवराला टोचे पडतात म्हणून. गुळगुळीत तळाच्या कातडी बुटांना मात्र बंदी नाही, आणि खरी गंमत त्यांचीच. प्रॉपिलायाच्या, म्हणजे माथ्यावरच्या जुन्या प्रवेशद्वाराच्या, आसपासचा दगड लाखो पावलांनी घासून साबणाच्या वडीसारखा झालाय. चढताना माणूस पायांकडे बघतो, म्हणून वाचतो. उतरताना तोच वर बघतो, फोटोसाठी, आणि घसरतो. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी उत्तरेच्या बाजूला २०२० साली बसवलेली लिफ्ट आहे, पण ते आधी कळवावं लागतं. तुमच्या नोंदणी अर्जात आहाराचा रकाना आहे, टी-शर्टच्या मापाचाही आहे. गुडघ्यांचा घालायचं कारण नाही.

प्रत्येकाला परिषदेची जाडजूड पिशवी बरोबर आणायला लावा. मोठी सामानाची पिशवी आत नेऊ देत नाहीत, ती ठेवायला वेगळी रांग, घ्यायला वेगळी. चिवड्याची पाकिटं वाटा. खाणंही आत चालत नाही. पाण्याची बाटली चालते, म्हणून ती बसमध्ये विसरा. वर पोचल्यावर परिषदेचा आठ फुटी फलक उलगडा. पहारेकऱ्याची शिट्टी तुम्हाला ऐकायला येईल, ती थेट तुमच्यासाठीच असेल.

गाईड. ग्रीसमध्ये अशा जागी परवानाधारक गाईडच बोलू शकतो. चांगला गाईड पंचवीस माणसांपलीकडे नको म्हणतो, आणि सगळ्यांच्या कानात घालायला यंत्रं आणतो. धंद्यात त्याला 'व्हिस्पर' म्हणतात. तुम्ही ४६ जणांना एकच गाईड घ्या, यंत्राचे पैसे वाचवा. किंवा त्याहून छान, आपल्याच टूर मॅनेजरला बोलायला लावा आणि पहारेकरी ओळखपत्र मागायला आला की सगळे मिळून आकाशाकडे पाहा. एरवी गाईड भलतंच काही दाखवत बसतो. पार्थेनॉनच्या लांब बाजूच्या पायरीच्या रेषेत डोळा आणायला सांगतो, आणि मग सरळ वाटणारी पायरी मधोमध फुगलेली दिसते, अकरा सेंटीमीटरच्या आसपास. खांब आत कललेले आहेत, कोपऱ्यातले किंचित जाड आहेत, डोळ्याला सरळ वाटावं म्हणून सगळं वाकडं बांधलंय, वगैरे. मग म्हणतो की इ.स.पू. ४३२ मध्ये पुरी झालेली ही वास्तू दोन हजार वर्षं बरीचशी शाबूत होती, तिचा मधला भाग उडाला तो २६ सप्टेंबर १६८७ ला. तुर्कांनी आत बंदुकीची दारू साठवली होती आणि मोरोसिनी या सेनापतीच्या व्हेनिसवाल्यांनी त्यावर तोफ डागली. अशाने एकेका खांबापाशी दहा मिनिटं जातात. खरेदीला काय उरणार?

खरेदी प्लाका या टेकडीखालच्या जुन्या वस्तीत. चाळीस मिनिटं, ऑलिव्हचा साबण, फ्रिजवर चिकटवायचं घुबड. पुढे चला.

परिषद नोव्हेंबरात असेल तर सुनियो या भूशिरावरचा सूर्यास्त ठेवा. पोसायडनचं देऊळ, समुद्रात उतरणारा सूर्य, पत्रिकेवर झकास दिसतं. अंतर सत्तर किलोमीटर, सव्वा ते दीड तास. नोव्हेंबरअखेर सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो आणि त्याबरोबर फाटकही बंद होतं, म्हणून समारोप साडेचारला संपवून निघा. बस तीच ठेवा, जी सकाळी सहाला विमानतळावर गेली होती. युरोपात साडेचार तास चालवलं की ड्रायव्हरला पाऊण तास थांबावं लागतं, शिवाय रात्रीची सलग विश्रांती सक्तीची, आणि हे सगळं गाडीतलं यंत्र नोंदवत असतं. रात्री अकराला ड्रायव्हर किल्ली काढून खाली उतरला, तर त्याला भारतीय पद्धतीने 'चलता है' समजावून पाहा.

जेवण 'ग्रीक नाईट'. सिर्ताकी नाच 'प्राचीन परंपरा' म्हणून जाहीर करा. तो १९६४ च्या एका सिनेमासाठी बसवलेला आहे हे नाचणाऱ्यांना माहीत असतं, बघणाऱ्यांना नको. शाकाहारी मंडळींसाठी शहराबाहेरून पनीर मागवा, ते गार होऊन येईल. तिथल्या कुठल्याही ताव्हेर्नात, म्हणजे खाणावळीत, फावा मिळते, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. टोमॅटोत भात भरलेलं येमिस्ता, टोमॅटोच्या रशातल्या भल्यामोठ्या पांढऱ्या पावट्यांचे यिगांदेस, लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी होर्ता हेही मिळतं. विचारताना 'निस्तिसिमो' म्हणायचं, म्हणजे त्यांच्या उपवासाचं: मांस, अंडं, दूध नाही. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, एवढं मात्र पाहुण्यांना सांगू नका. ताट समोर आल्यावर सांगा.

परतताना बसमध्ये डोकी मोजा. पंचेचाळीस भरतील. एक प्राध्यापक प्लाकातच मागे राहिले होते, तिथून मोनास्तिराकीच्या मेट्रो स्टेशनात उतरून जुन्या इरिदानोस नदीचा विटांचा पाट बघत बसले, मग सिंताग्माच्या स्टेशनात जाऊन काचेआडच्या मातीचे थर बघितले, त्यात एक कबरही आहे. सगळं मेट्रोच्या तिकिटात. आता ते कुठेतरी फावा खात असतील. त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहा आणि बस सोडा.