थडगं नसलं तरी माणूस सापडतो

पूर्वज शोधण्याबद्दलचा एक लेख वाचला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आलेल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) पूर्वजाचं ना थडगं सापडलं ना बाप्तिस्म्याची नोंद, म्हणून त्यात शोध संपल्यासारखा वाटतो. कृपया इथे थांबू नका! क्वेकर बाप्तिस्मा करतच नसत आणि कोरीव थडगं त्यांना दिखाऊपणा वाटे. त्यांचं खरं दफ्तर म्हणजे मासिक सभांची, म्हणजे पंथाच्या स्थानिक मंडळांची, इतिवृत्तं. त्यातली बरीचशी पेनसिल्व्हेनियातल्याच हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर कॉलेजांच्या संग्रहात आहेत.

अमेरिकेतला प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून याचंच घराणं बघा. आजोबा जॉर्ज १७१७ साली इंग्लंडमधल्या डेव्हनहून आले, तेव्हा तिकडच्या सभेनं दिलेला चांगल्या वर्तनाचा दाखला त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेडच्या सभेत सादर केला. म्हणजे मूळ गावाकडे जाणारी वाट त्या एका नोंदीत आहे. लग्नाच्या दाखल्यावर तर हजर असलेले सगळे सह्या करत, त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी एकाच कागदावर भेटतात.

मला सगळ्यात अस्वस्थ करतात त्या बहिष्काराच्या नोंदी. डॅनियलचे वडील स्क्वायर यांच्या मुलानं पंथाबाहेर लग्न केलं. वडिलांनी माफी मागायला नकार दिला आणि १७४८ मध्ये सभेनं त्यांना काढून टाकलं. दोन वर्षांत कुटुंब नॉर्थ कॅरोलायनाकडे निघालं. तुमच्या पूर्वजाचं नाव मध्येच गायब होत असेल तर तो वारला असं धरण्याआधी ही पानं चाळाच.

तारखाही जपून वाचा. क्वेकर महिने नावांऐवजी आकड्यांनी लिहीत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च.