आडव्या आठ्या

मराठी कातडीवरच्या रेघेला नाव देतानाच आरोपी ठरवून टाकते. गालावर पडली तर सुरकुती, दोष वयाचा. पोटावर वळी, दोष जेवणाचा. टाचेला भेग, दोष आळसाचा. कपाळावर पडली की झाली आठी, आणि दोष थेट स्वभावाचा!

माझ्या कपाळावर कॉलेजात असल्यापासून तीन आहेत. मी मजेत असले तरी त्या असतातच. त्यामुळे कॉलेज रोडवर भेटलेली मैत्रीण "कशी आहेस?" विचारायच्या आधी "काय झालं गं?" विचारते. सासूबाई पोळी वाढता वाढता म्हणतात, "नको असेल तर तसं सांग बाई." मिसळ खायला गेलं की वाढणारा पोऱ्या माझ्याकडे एकदा बघतो आणि न मागता रस्सा आणून ठेवतो. (एवढा एकच फायदा.)

निफाडचे मामा द्राक्षवाले. त्यांना मणी टपोरा, ताठ, एक्स्पोर्टचा लागतो. माझं कपाळ न्याहाळून म्हणाले, "पोरी, सुकवा आलाय. पाणी कमी पडतंय."

"राहू द्या हो," मामी म्हणाल्या. "चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, पण भाव द्राक्षापेक्षा चढाच मिळतो ना?"

मी लगेच मामींच्या पक्षात गेले.

पार्लरमधली मुलगी सभ्य. तिच्या तोंडी आठी हा शब्दच नाही, ती 'फाइन लाइन्स' म्हणते. ऐकायला इतकं गोड लागतं की पर्स कधी उघडली ते बिल हातात आल्यावर कळतं.

खरा उलगडा त्वचेच्या डॉक्टरांनी केला. भुवया वर उचलणाऱ्या स्नायूचे तंतू उभे असतात, म्हणून त्यावरची कातडी आडवी दुमडते. रागाने भुवया जवळ ओढल्या जातात, तेव्हा त्यांच्या मधोमध पडतात त्या उभ्या. माझ्या सगळ्या आडव्या! म्हणजे मी इतकी वर्षं चिडलेली नव्हतेच, चकित झाले होते. संध्याकाळी द्वारका चौकातून स्कूटर काढणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार? बोटॉक्सने हा स्नायू तीन-चार महिने सुट्टीवर जातो म्हणे. मला एवढी सुट्टी कुणी दिलेली नाही, त्याला कशाला देऊ?

घरी येऊन नवऱ्याला आडवं-उभं सगळं समजावलं.

"बरं बरं," तो म्हणाला, "पण चिडतेस कशाला?"

पुढे बँकेच्या केवायसीसाठी फोटो काढायला गेले. "ताई, आठ्या काढा," फोटोवाला म्हणाला. त्या निघत नाहीत म्हटल्यावर त्याने कॉम्प्युटरवर स्वतःच काढल्या, कपाळ गुळगुळीत करून दिलं. बँकेतल्या माणसाने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"मॅडम, धाकट्या बहिणीचा चालत नाही, स्वतःचा लागतो."

माझ्या भुवया आपोआप वर गेल्या. त्याने घाईघाईने शिक्का मारला. "असू द्या, असू द्या. चिडू नका."