संसार थाटायलाच गेलो होतो, काका!

सकाळी चहा गॅसवर ठेवून फोन बघितला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमांवर एका काकांनी लिहिलंय, "बरं झालं नियम कडक केले. शिकायला जातात की संसार थाटायला?" खाली अंगठ्यांची रांग. त्यात ज्यांची स्वतःची मुलं न्यू जर्सीत सहकुटुंब आहेत, तेही.

विषय होता माझ्या मामेबहिणीचा. नाशिकची आहे. बी.फार्म झाली, लग्न झालं, लेक झाली, सासूबाईंचं दुखणं काढलं आणि तिशी ओलांडल्यावर कुठे स्वतःसाठी एक अर्ज भरला. इंग्लंडमध्ये पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरात निघायचंय. लेक चार वर्षांची. तिला नेता येणार नाही, नवऱ्यालाही नाही. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना ब्रिटनने ते बंदच करून टाकलं. पीएचडी किंवा संशोधनाचा कोर्स असेल, नाहीतर सरकारची पूर्ण शिष्यवृत्ती असेल, तरच नवरा-बायको-मुलं सोबत. बँकेचं कर्ज काढून साधं मास्टर्स करणाऱ्यांनी एकट्याने जायचं.

तर काका, आम्ही संसार थाटायलाच गेलो होतो. २०२२ साली, इंग्लंडमधल्या शेफिल्डला, नियम बदलायच्या आधी. विद्यार्थी मी. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट', म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय. चाकणला चांगल्या पगारावर असलेला मेकॅनिकल इंजिनिअर तिथे गोदामात रात्रपाळीला खोकी भरत होता. सकाळी घरी यायचा, बूट न काढताच मुलीची वेणी घालायचा (वाकडी, पण घालायचा), तिला शाळेत सोडायचा आणि मग झोपायचा. का? तर माझं नऊचं लेक्चर चुकू नये म्हणून. शेफिल्डचे चढ ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल, बर्फ पडल्यावर त्या रस्त्यांवरून लहान मुलीचा हात धरून उतरणं काय असतं ते. हा आमचा थाट.

आणि फुकट काही नव्हतं हो. "तिकडं सगळं सरकार देतं" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब देते. फी माझी, ती वेगळी. शिवाय लंडनबाहेर राहायचं तर प्रत्येक डिपेंडंटमागे महिना ६८० पौंड, नऊ महिन्यांचे, म्हणजे दोघांचे १२,२४० पौंड खात्यात दाखवायचे, आणि तेही सलग २८ दिवस हलवायचे नाहीत. त्या २८ दिवसांत आम्ही त्या खात्याकडे देवघरातल्या समईसारखं बघत होतो. आरोग्याचा सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे) तेव्हा वर्षाला ४७० पौंड होता, दीड वर्षाचे माणशी ७०५ पौंड आधीच भरून घेतले. आता तोच विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ झालाय. आणि एवढं भरून घेऊन व्हिसाच्या कार्डावर ठळक अक्षरात 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत.

मुलीची शाळा फुकट होती, हे मान्य. त्या वयाच्या मुलांना दुपारचं जेवणही शाळेतच मिळायचं. पण माझा नवरा रात्रभर खोकी उचलत होता आणि त्याच्या पगारातून टॅक्स कापला जात होता, हेही मान्य करा.

ग्रुपवर आणखी एकाने लिहिलं, "बाबासाहेब १९१३ ला एकटेच गेले होते ना कोलंबियाला?" हे वाचून मी फोन खाली ठेवला. गेले होते. आणि मागे रमाईंनी काय काय सोसलं हे कुणी सांगायचं? पाच मुलांपैकी एकटे यशवंतच जगले. त्या माउलीपुढे मान झुकतेच, पण तिचं दुःख ही पुढच्या प्रत्येक बाईला घालायची अट आहे का? शंभर वर्षांनीही?

हो, आकडे मलाही माहीत आहेत. २०१९ ला विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांना १६ हजारांच्या आसपास व्हिसे दिले होते, २०२२ ला ते जवळपास १ लाख ३६ हजार झाले. एजंटांनी "एक शिका, दोघं कमवा" असा धंदाच मांडला होता, पुण्यातही. त्यांना आवरायला हवं होतं, ठीक. मग एजंटांना आवरा ना. चार वर्षांच्या मुलीला काय आवरताय?

आणि हे फक्त ब्रिटनचं नाही. अमेरिकेत एफ-टू व्हिसावर (विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठीचा व्हिसा) जोडीदाराला नेता येतं, पण त्याने काम करायचं नाही, घरात बसायचं. कॅनडाने तर २०२५ च्या जानेवारीपासून मास्टर्स किमान १६ महिन्यांचं असेल तरच जोडीदाराला वर्क परमिट, असं करून टाकलं. सगळ्यांना आपली फी हवी आहे, आपलं बिऱ्हाड नको.

पण खरं सांगू? मला गोऱ्या सरकारचा एवढा राग नाही येत. ते परकेच. राग आपल्या माणसांचा येतो. आमच्याच घरातला एक भाऊ बाळ तीन महिन्यांचं असताना जर्मनीला गेला. तेव्हा याच काकांनी "पोरगा जिद्दीचा आहे" म्हणत पेढे वाटले. आता मामेबहीण एका वर्षासाठी चाललीय तर "आई कशी गं ही" अशी कुजबुज. आणि लेकीला सोबत नेता येत असतं, तर "संसार थाटायला चाललीय". म्हणजे नेलं तरी बोलायचं, ठेवलं तरी बोलायचं. बाईने नक्की करायचं काय? सरळ सांगा ना, शिकूच नका.

आमचा गोदामवाला इंजिनिअर आत्ता शेजारी बसून हे वाचतोय. म्हणतो, "जाऊ दे, वय झालंय काकांचं." त्याला कुणी आजवर विचारलं नाही की बायकोच्या शिक्षणासाठी तू नोकरी कशी सोडलीस. उलट भारतात परतल्यावर एका लग्नात एकाने हसत विचारलं होतं, "काय, डिपेंडंट साहेब?" तो हसला होता. मी नव्हते हसले.

मामेबहिणीचा नवरा भला माणूस आहे. "मी बघतो लेकीला, तू जा" म्हणालाय. सासूबाईसुद्धा, ज्यांचं हिने केलं, त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ झोपेल ती." एवढं असूनही काल रात्री फोनवर रडत होती. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक पडतो, लेक रात्री नऊला झोपते तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन असतील, लेक्चर असलं तर गोष्ट कोण सांगणार, असले हिशोब करत बसली होती. मी तिला काय सांगणार? माझी मुलगी तर संध्याकाळी माझ्या कुशीत असायची, मी असाइनमेंट लिहीत असले तरी. मला त्यातलं काही माहीत नाही.

म्हणून ही पोस्ट. मित्रयादीत कुणी आई मूल मागे ठेवून शिकायला गेली असेल, तर प्लीज इनबॉक्समध्ये या, तिचा नंबर देते. कॉल कधी लावायचे, मूल फोनवर यायला नाहीच म्हणालं तर काय करायचं, ख्रिसमसच्या सुट्टीत यावं की तिकिटाचे पैसे वाचवावेत, हे तिला विचारायचंय. बाकीच्यांनी सल्ले देऊ नयेत. आणि काका, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. जे बोलायचं ते इथेच सगळ्यांसमोर बोला, आईला फोन करू नका.