काही नेम नाही

आयुष्यातली पहिली गोळी मी एनसीसीच्या कॅम्पात झाडली. पॉइंट टू टू रायफल, पंचवीस यार्डांवर कागद, पाच गोळ्या. मागून हवालदारसाहेब ओरडत होते, "शिस्त लो! दुरुस्त शिस्त लो!" फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मराठी माध्यमाचा. पोटावर पडल्या पडल्या टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि जमेल तितक्या शिस्तीत पाचही गोळ्या झाडून मोकळा झालो. कागद कोरा.

त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मात्र रिकामी काडतुसं, ज्यांना तिथं खोखे म्हणतात, ती मोजल्यावर चारच भरली. मग पाचव्या खोख्यासाठी अख्खी पलटण गवतात तासभर रांगली. पाच गोळ्या कुठं गेल्या याची चौकशी शून्य, एक टरफल कुठं गेलं यासाठी तीस जण चारी पायांवर. सरकार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. खोखा माझ्याच शर्टाच्या खिशात निघाला.

घरी येऊन मी सांगितलं, "रायफलची नळी वाकडी होती." सगळ्यांनी ते मान्य केलं. रायफल बिचारी खुलासा द्यायला येणार नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, या म्हणीवर माझं पुढचं सगळं आयुष्य सुखात गेलं. गणिताचा पेपर अवघड होता, गाडीचा क्लच घट्ट होता, ऑफिसात सर्व्हर डाऊन होता.

मग १ ऑगस्ट २०२४ उजाडला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, ४५१.४ गुण करून ऑलिम्पिकचं ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आमची ही कोल्हापूरची. तिने त्या दिवशी शेजारच्या सहा घरांत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात "आमच्याकडे हे असतंच, आमची तेजस्विनी सावंत २०१० सालीच म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झालीय," हेही वाटलं. मला मात्र बातमीतलं एकच वाक्य लागलं. हा मुलगा मध्य रेल्वेत टीसी होता. म्हणजे नोकरदार माणूस! मीही नोकरदार. वय पन्नासला टेकलं होतं एवढाच काय तो फरक.

"मी रायफल क्लब लावतोय," मी जाहीर केलं.

"आधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह लावा," ही म्हणाली.

क्लबात सुभेदारसाहेब शिकवतात. निवृत्त आहेत, पण ते निवृत्त झालेत हे त्यांच्या आवाजाला अजून कळवलेलं नाही. त्यांनी मला पाच मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही झोपून करा." हा प्रकार खराच आहे. जमिनीवर पालथं पडून पन्नास मीटरवर नेम धरायचा. आवडत्या आसनात खेळ खेळायला मिळणार म्हणून मी हरखलो. नंतर कळलं, की पुरुषांची ही झोपून करायची स्पर्धा २०१६च्या रिओनंतर ऑलिम्पिकमधून काढून टाकलीय. माझा नंबर लागायच्या आत खिडकी बंद होते, हा माझा जुना अनुभव आहे.

आता रायफलबद्दल. ती जर्मनीतल्या उल्मची. आइन्स्टाइन जन्मला तेच उल्म, गावच्या पाण्यातच काहीतरी असावं. बोल्ट मागे ओढायचा, एक गोळी हाताने आत ठेवायची, बोल्ट पुढे सारून खाली पाडायचा. लोण्यात सुरी जावी तसा तो जातो आणि शेवटी एकच "टुक्". देव्हाऱ्याची कडी लावल्यासारखा. त्या आवाजासाठी मी बायकोला कळू न देता क्लबाची वर्षाची फी आगाऊ भरून टाकली. चाप इतका हलका की दोन लिंबांच्या वजनानं सुटावा. पहिल्या दिवशी तो मी ओढलाच नाही. मी नुसता विचार केला आणि गोळी गेली.

या जातीचं काडतूस १८८७ सालापासूनचं आहे आणि त्याची गंमत अशी, की पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या काठात भरलेला असतो. मोठ्या काडतुसांना बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, इथं तसलं काही नाही. पिन येऊन काठाला चिमटा काढते आणि काठ भडकतो. दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीची ही शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेली बहीण. गोळी इवलीशी, साधारण अडीच ग्रॅम. ती मुद्दाम आवाजापेक्षा हळू पाठवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली उतरताना ती डगमगते. हळू म्हणजे तरी किती, पन्नास मीटर सेकंदाच्या सहाव्या भागात. तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक तिला हाताला धरून बाजूला नेते. आणि मधला दहाचा गोल? व्यास १०.४ मिलिमीटर. तुमच्या शर्टाचं बटण त्याहून जरासं मोठंच भरेल. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उभ्या वॉचमनच्या शर्टाचं बटण लिफ्टजवळून टिपायचं, असा हिशेब मी हिला समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशीपासून वॉचमन मला सॅल्यूट करायला लागला. हिने त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

गोळीपर्यंत पोचण्याआधी जॅकेट असतं. कॅनव्हास आणि चामड्याचं हे प्रकरण उन्हात वाळत घातलेल्या ताडपत्रीइतकं ताठ. बटणं लावली की माणूस वाकत नाही, वळत नाही, खाली बघत नाही. एकदा ते चढवल्यावर बुटाची नाडी सुटली. मी उभा, नाडी खाली, आणि आमच्यात पाच फुटांचं अंतर. शेजारच्या लेनवरच्या आठवीतल्या मुलीने येऊन ती बांधून दिली. तिच्या दोन वेण्या होत्या आणि चेहऱ्यावर सुट्टीत आजोळी आलेल्या मुलीचा समजूतदारपणा. "काका, सकाळी चहा घेतलात का?" तिने विचारलं. घेतला होता. दोनदा. "घ्यायचा नसतो," ती म्हणाली.

याचं कारण पालथं पडल्यावर उमगलं. डाव्या दंडाला एक पट्टा आवळतात, तो रायफलीला जोडलेला. डोळा मागच्या बारीक भोकाला लावला की पुढच्या गोलात पन्नास मीटरवरचा काळा ठिपका दिसतो. आणि तो ठिपका उड्या मारत होता. ठक, ठक, ठक. मला वाटलं टार्गेटची चौकट सैल आहे, तसं मी म्हणूनही टाकलं.

"चौकट नाही साहेब, तुमची नाडी आहे," सुभेदार म्हणाले. "दोन ठोक्यांच्या मधे गोळी सोडा."

पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या हृदयाचे ठोके भिंगातून दाखवू नयेत. मी दोन ठोक्यांमधली फट शोधायला लागलो, तर फट दिसली की आनंदाने ठोका वाढायचा. श्वास सोडून थांबायचं, तर पोट जमिनीला टेकलेलं असल्यामुळे थांबलेला श्वास जायला जागा मागायचा. बरं, गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच पडून राहायचं असतं, डोळा काढायचा नाही. मी मात्र गोळी सुटली की झाकण उघडून भात झाला का बघणाऱ्या माणसासारखं डोकं वर काढत असे. कागदावर सात, पाच, आठ, चार. एक तर कोपऱ्यातल्या छापील अक्षरांत.

मी यादी सुरू केली. वारा आहे. ऊन डावीकडून येतंय. मागचं भोक बहुतेक हललंय. शेवटी हुकमाचा पत्ता काढला: गोळ्यांचा लॉट. हे मी वाचून आलो होतो. प्रत्येक रायफलीला ठरावीक लॉटच्याच गोळ्या मानवतात, एकाच कारखान्याच्या दोन लॉटांत फरक पडतो. मोठे नेमबाज त्यासाठी रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात आणि लॉटमागून लॉट झाडून बघतात. "हिला हा लॉट मानवत नसावा," मी वैद्याच्या गांभीर्याने म्हणालो.

सुभेदारांनी हूं की चूं केलं नाही. माझीच रायफल, माझ्याच डब्यातल्या गोळ्या घेतल्या, रायफल लोखंडी शिकंज्यात आवळली आणि पाच बार काढले. कागद आणून माझ्या हातात दिला. त्यावर भोक एकच होतं. नीट बघितलं तर काठाला शेंगदाण्यासारखा किंचित फुगवटा होता, म्हणजे एकात एक पाच गेलेल्या.

इतका अपमान माझा माणसांनीही कधी केलेला नाही. अंगण स्पिरिट लेव्हल लावून तपासलेलं निघालं. आता नाचायचं कसं?

बरं, क्लबाची रायफल घरी आणता येत नाही, आणि त्या शस्त्रपरवान्याच्या वाटेला मी गेलेलो नाही. घरची शांतता मला प्यारी आहे. मग सराव हॉलमध्ये झाडूने. सतरंजीवर पालथा पडायचो, डाव्या दंडाला बेल्ट, खांद्याला झाडूचा दांडा. नेमासाठी भिंतीवर हिची एक टिकली चिकटवली. तीन आठवडे गाडी छान चालली. एकदा कामवाल्या मावशींनी किल्लीने दार उघडलं, मला बघितलं आणि दारातूनच हाक मारली, "ताई, साहेब पडलेत!" आतून ही म्हणाली, "पडलेत नव्हे, खेळतायत. तेवढा त्यांच्या हातातला झाडू घ्या आणि हॉल काढा."

आणि सांगायला हरकत नाही, फरक पडत गेला. क्लबात एखाद्या सकाळी वारा पडलेला असे, झेंडे लोंबत असत, बोल्ट "टुक्" करून बसे, ठिपका गोलात चहूबाजूंनी सारखं अंतर ठेवून स्थिर होई आणि मला नकळतच चाप सुटे. अशी गोळी कुठं गेली ते कागद न बघता कळतं. ती दहाच असते. कधी नऊ. पण दोष द्यायला कुणीच नसलं, की त्या नऊचंही भलतंच कौतुक वाटतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

त्या जोरावर क्लबातल्या स्पर्धेत नाव दिलं. दहा गोळ्या, कागदी टार्गेटं. शेजारच्या लेनवर वेण्यावाली. चहा घेतला नव्हता, त्यामुळे डोकं दुखत होतं, पण नाडी कह्यात होती. सहाव्या गोळीला मी घाम पुसायला मान काढली, पुन्हा टेकलो, ठिपका शोधला आणि आयुष्यातला सर्वांत सुंदर बार काढला. ठोक्यांच्या मधे. डोकं वर न काढता. मला दहा दिसला नाही, ऐकू आला.

कागद आले. माझ्या कागदावर भोकं नऊ. वेण्यावालीच्या कागदावर अकरा.

सुभेदारांनी आधी खोखे मोजले, फौजी माणूस. माझे दहा, तिचे दहा. मग दोघांचे कागद शेजारी धरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, एक पाहुणा पाठवलात."

याला नियम आहे आणि तो फार निर्दय आहे. दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेली गोळी ही चुकलेली गोळी, माझ्या खात्यात शून्य. आणि जिच्या कागदावर ती गेली तिची स्वतःची भोकं कुठली हे ओळखता येत नसेल, तर सगळ्यांत चांगली तिची धरायची. तिच्या कागदावर पाच दहा होते, पाच नऊ आणि एक आठ. आठ वजा झाला. वेण्यावाली ९५ करून पहिली आली, दुसऱ्या नंबरच्या काकांचे ९४ होते. ते तावातावाने माझ्याकडे आले आणि विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने खेळत होतात?"

"पण मधला दहा माझा होता," मी सुभेदारांना म्हणालो. "मला कळतं ना."

"किंवा आठ," सुभेदार म्हणाले.

मी वेण्यावालीकडे बघितलं. तिने जरा विचार केला. "काका, मी एरवी आठ मारत नाही," ती हळूच म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला कसंसं झालं असावं. नोंदी झाल्यावर तिने तो कागद घडी न पाडता माझ्या हातात दिला. "तुम्ही ठेवा."

मी तो हॉलच्या भिंतीवर लावलाय, टिकली होती तिथंच. पाहुणे आले की मी त्यांना मधलं भोक दाखवतो. चहाचे कप ठेवता ठेवता ही बाहेरचं दाखवते.