लाकडी माउथ ऑर्गनबद्दल थोडं

ट्रेकला न्यायच्या वाद्यांवरच्या लेखात लांबच्या ट्रेकसाठी लाकडी कोंब (म्हणजे कंगव्यासारखा, भोकं असलेला मधला भाग) असलेला माउथ ऑर्गन सुचवलाय. माझ्या मते प्लॅस्टिकचा कोंब घ्यावा. रोज वाजवल्यावर थुंकीने आणि दमट हवेने लाकूड फुगतं, कडा पुढे येतात आणि ओठ सोलतात. दहा भोकांचा साधा, सी पट्टीतला पुरेसा, जेमतेम 10 सेंटिमीटर लांब.

थंडीत सॅकमधून काढून लगेच फुंकू नका. आतल्या गार पात्यांवर (श्वासाने थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) श्वासातली वाफ जमते आणि सूर अडकतो. आधी पाचेक मिनिटं काखेत धरा. तरी अडकलाच तर भोकं खाली करून तळहातावर हलकेच आपटा. टाचणीने पाती टोचलीत की सूर गेलाच म्हणून समजा. चिक्की खाऊन वाजवायचं तर आधी चूळ भरा, कण पात्याखाली बसतो. आणि ओलाच डबीत बंद करू नका.

बासरीचं दुखणं वेगळं. हवा 10 अंशांनी गार झाली की सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव ते तृतीयांशाने उतरतो, तेव्हा सोबतच्या उकुलेलेवाल्याने (उकुलेले म्हणजे चार तारांची छोटी गिटार) तारा बासरीला मिळवाव्यात, उलट नाही. उकुलेले सॅकबाहेर लटकवला तर खुंट्या फांद्यांत अडकतात. पाठीलगत, आतच उभा ठेवा.