‘घोर लावणारी तपासणी’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

स्तनांच्या स्वयंचलित सोनोग्राफीवरचा माझा लेख म्हणजे ‘मशीनची जाहिरात’ आहे, असं तुम्ही लिहिलंत. या तपासणीत काहीतरी दिसलं म्हणून तुम्हाला परत बोलावलं, अकरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही आणि शेवटी निघाली साधी पाण्याची गाठ. “हजारात दोघींसाठी बाकीच्यांना घोर का लावता?” असं तुम्ही विचारलंत.

आधी माझी चूक. ही सोनोग्राफी जोडल्यावर किती कॅन्सर जास्त सापडतात ते मी लिहिलं, किती जणींना परत यावं लागतं ते लिहिलं नाही. दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले. अमेरिकेत दाट स्तन (म्हणजे चरबी कमी, ग्रंथी आणि तंतू जास्त) असलेल्या १५,३१८ स्त्रियांवर झालेला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, हजारी ५.४ कॅन्सर सापडले, जोडीला ही तपासणी केल्यावर ७.३. पण परत बोलावलेल्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून २८.५ टक्क्यांवर गेलं. हे लेखात असायलाच हवं होतं. आज घातलं आहे.

‘मशीनच निदान करतं’ हे मात्र खरं नाही. आपोआप होतो तो फक्त प्रोबचा, म्हणजे अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या यंत्राचा, प्रवास. खांद्याखाली टॉवेलची घडी, हात डोक्यावर, स्तनावर लोशन, आणि साधारण १५ सेंटीमीटर रुंदीचा प्रोब मिनिटभरात एका दिशेने सरकतो. प्रत्येक स्तनावर बहुधा तीनदा. दर वेळी तीनशेच्या आसपास चित्रं तयार होतात आणि ती बघायला माझ्यासारखी रेडिओलॉजिस्टच बसते. त्यात छातीला समांतर असा काप मिळतो, जो हातातल्या प्रोबने मिळत नाही. कॅन्सरची गाठ त्यात कधी कधी काळ्या डागासारखी दिसते आणि भोवतीच्या उजळ रेषा तिच्याकडे ओढल्या गेलेल्या असतात, कापडातला एक धागा खेचल्यावर चुण्या पडाव्यात तशा. असं दिसलं की मी तिथेच थांबते, पुढचं चित्र उघडत नाही.

पण स्तनाग्रामागे सावली पडते, प्रोब नीट टेकला नाही तरी काळं दिसतं. अशा वेळी ‘परत या’ याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की त्या जागेवर हाताने सोनोग्राफी करून बघू. बऱ्याच जणींचं तिथेच मिटतं, काहींची बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते.

मग हा खटाटोप कशाला? मॅमोग्राफीत दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती झाकली जाते. सोनोग्राफीत ग्रंथी उजळ आणि गाठ बहुधा काळी. स्तन दाट आहे हे हाताला कळत नाही, मॅमोग्राफीतच कळतं. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे स्तन दाट असतात. अशा स्त्रीच्या रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ लिहून तिला घरी पाठवणं मला पटत नाही. दाटपणाची माहिती प्रत्येकीला द्यायची सक्ती अमेरिकेत सप्टेंबर २०२४पासून झाली, तीही याचसाठी. मॅमोग्राफी सोडायची नाहीच. कधी कधी कॅन्सरची सुरुवातीची खूण असणारे कॅल्शियमचे बारीक कण तीच नीट दाखवते.

तुम्ही न घेतलेला एक आक्षेप याहून जड आहे, तो मीच मांडते. २०२५ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल आले. मॅमोग्राफी नॉर्मल पण स्तन दाट, अशा स्त्रियांमध्ये या सोनोग्राफीने हजारी ४.२ कॅन्सर शोधले, कमी वेळात उरकणाऱ्या छोट्या एमआरआयने १७.४ आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, गाठ उठून दिसावी म्हणूनचं औषध) देऊन केलेल्या मॅमोग्राफीने १९.२. फरक फार मोठा आहे. शिवाय या सोनोग्राफीमुळे मृत्यू कमी होतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. तरी मी तिची बाजू घेते, कारण तिच्यात इंजेक्शन नाही, किरण नाहीत, आणि कॉन्ट्रास्ट चालत नाही किंवा एमआरआय आवाक्यात नाही अशा पुष्कळ जणी आहेत. त्यांना दोन्ही बाजूंचे आकडे सांगावेत आणि करायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुमचे ते अकरा दिवस मला खरंच बोचले. परत बोलावलेल्या बाईची हाताने सोनोग्राफी एक-दोन दिवसांत व्हायला हवी, आणि का बोलावलं ते फोनवरच सांगायला हवं. आता तुमचा मॅमोग्राफीचा रिपोर्ट काढून बघा. घनतेपुढे ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर असेल. सी आणि डी म्हणजे दाट. तुमचं अक्षर ए किंवा बी असेल आणि वेगळं काही कारण नसेल, तर ही तपासणी तुम्हाला सुचवायलाच नको होती, आणि मग तुमचा राग पूर्णपणे रास्त आहे.