जुनी बाजू मागे पडलेली नाही

जुनी इमारत दुरुस्त करतोय आणि तिला लागूनच नवी बांधतोय, त्या साइटवर आज पुन्हा तोच प्रश्न. "नवी बिल्डिंग तिसऱ्या स्लॅबपर्यंत गेली, आणि जुनी अजून तशीच?" विचारणाऱ्यांचा राग येत नाही, बाहेरून तसंच दिसतं. एकीकडे मजले चढताहेत, दुसरीकडे परांचीवर बसून दोन गवंडी दिवसभर दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतला भराव, खरवडताहेत. मी या कामावर पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

जुन्या भिंती चुन्यातल्या. मधे कधीतरी ओल थांबावी म्हणून कुणीतरी बाहेरून सिमेंटच्या दर्जा भरल्या. हेतू चांगला असेल, पण त्याने भिंतीचा श्वासच कोंडला. चुन्यातली भिंत ओल पिते आणि सांध्यांवाटे सोडूनही देते. सिमेंट तिला सोडू देत नाही. मग ती विटेतून वाट काढते, सोबतचे क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. परवा एका ठिकाणी हात फिरवला तर वीट पिठासारखी बोटांना लागली. तिच्याभोवतीची सिमेंटची दर्ज मात्र धडधाकट, भिंतीतून पुढे आलेली. खरं तर झिजायचं असेल तर दर्जेने झिजावं. ती पुन्हा भरता येते, शंभर वर्षांची वीट कुठून आणायची?

हेच सिमेंट ग्राइंडरने काढलं असतं तर आठवड्यात मोकळे झालो असतो, पण विटांच्या कडाही गेल्या असत्या. म्हणून छिन्नी-हातोडी. त्यानंतर चुना थराथराने भरायचा, वर ओलं गोणपाट ठेवायचं. चुना नुसता वाळून चालत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू घट्ट होतो. उन्हात भराभर सुकू दिला तर नखाने खरवडला तरी भुगा होऊन निघतो.

नव्या-जुन्याच्या मधे जी फट दिसते, तीही बुजवायची राहून गेलेली नाही. जुना पाया कधीच बसून गेलाय, नव्याचं बसणं अजून व्हायचंय. दोन्ही घट्ट जखडले तर नवी खाली दबताना जुनीला ओढेल आणि तडे जुनीलाच जातील.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. जुन्या पायाखाली आधार देताना मीटर-मीटरचे तुकडे एकाआड एक उघडायचे, असं ठरलं होतं. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, भिंत जरा जरी हलली तर काच तडकून कळावं म्हणून. एका सकाळी एक पट्टी मधोमध तडकलेली दिसली. आदल्या संध्याकाळी वेळ वाचवायला लागून असलेले दोन तुकडे एकदम उघडले गेले होते. काम थांबवलं, टेकू लावले, अकरा दिवस गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. का उघडले विचारलं, तर उत्तर एकच: नव्या इमारतीची तारीख.

माझं भांडण नेमकं या तारखेशी आहे. दोन्ही कामांना एकच वेळापत्रक लावलं की जुनं काम हरणारच. पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या चर्चला 15 एप्रिल 2019 ला आग लागली. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ, सप्टेंबर 2021 पर्यंत, मुख्य काम होतं ते इमारत सावरून धरण्याचं. आगीत वितळून एकमेकांत गुंतलेली परांची कापून काढण्यातच 2020 मधले कित्येक महिने गेले. बाहेरून बघणाऱ्याला तेव्हा काय प्रगती दिसली असेल? पण त्याच पायावर डिसेंबर 2024 मध्ये दारं उघडली.

अजून एक. नवी बाजूही जुन्यासारख्या कमानींची करा, असा आग्रह होतोय. मला तो पटत नाही. बदललेला भाग मूळ इमारतीशी जुळावा, पण वेगळा ओळखताही यावा, हे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतच आहे. आम्ही जी एक तुळई बदलली, तिच्या आतल्या अंगाला साल कोरून ठेवलंय. पुढे कुणी छत उघडलं तर त्याला कळेल, ही मूळची नव्हे.

तर आजची स्थिती: मागच्या भिंतीतलं सगळं सिमेंट निघालं, सोमवारपासून चुना भरायला घेतोय. तडकलेल्या पट्टीच्या जागी लावलेली काच साडेतीन महिने झाले, अखंड आहे. रोज सकाळी आल्यावर आधी तीच बघतो.